आप्पा डोंगरावर जातात

केळी लावणाऱ्या माणसाला साहस शिकवायला जाऊ नये. वर्षभर पाणी, खत आणि कर्ज घालून पोसलेली बाग मे-जूनच्या एका वादळात अर्ध्या तासात आडवी होते, आणि हा माणूस पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याला चहा पाजून पुढच्या लागवडीच्या रोपांची चौकशी करू लागतो. रावेर तालुक्यात अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. तरीही पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली आमची पोरं नाताळच्या सुटीत गावी येतात आणि ‘ॲडव्हेंचर’ करायला सातपुड्यात कॅम्पला जातात. अशा प्रत्येक मोहिमेत एक माणूस न बोलावता सामील होतो, आणि परत येईपर्यंत मोहीम त्याच्या नावावर जमा झालेली असते. कुठे त्याला नाना म्हणतात, कुठे बापू, कुठे अण्णा. आमच्याकडे आप्पा.

आप्पा साठीच्या आसपासचे. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, खांद्यावर पांढरा रुमाल. शर्टाच्या खिशात डायरी, दोन पेनं, चष्मा, सुपारी आणि खताच्या पावत्या असतात. त्यामुळे तो खिसा कायम पोटापर्यंत उतरलेला. ‘कसं काय आप्पा?’ असं विचारलं तर ते तब्येत सांगत नाहीत, केळीचा भाव सांगतात. ज्या आवाजात भाव सांगितला त्यावरून तब्येत आपण ओळखायची.

मागच्या हिवाळ्यात सातपुड्यातल्या पालच्या कॅम्पचा बेत पोरांनी व्हॉट्सॲपवर आखला. माणशी एकच सॅक, तिचं वजन आठ किलोच्या आत, विजेरी डोक्याला बांधायची, जेवणाऐवजी सुकामेव्याच्या वड्या. यादी फिरत फिरत आप्पांच्या नातवाच्या फोनवर आली, आणि तिथून आप्पांच्या चष्म्यासमोर. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, “यात जेवन कोठी लिहेल हाये?”

त्या संध्याकाळी आप्पांनी डायरीत दुसरी यादी केली. दोन गंज, परात, झारा, कढई, लाकडी बडगी आणि मुसळ. भरताची वांगी पंचवीस किलो. हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. कळण्याचं पीठ. केळीची पानं शंभर. गाद्या, उशा, तक्के दोन. फोल्डिंगची खाट एक, ‘कोनाची कंबर धरली तर’. आणि तेलाचा पंधरा किलोचा डबा. हे सगळं सॅकमध्ये मावणार नव्हतं, म्हणून त्यांनी भाच्याचा ‘छोटा हत्ती’ टेम्पो सांगून ठेवला.

“आप्पा, आपण एकच रात्र चाललोय,” पोरं म्हणाली.

“मंग? रातच्याले मान्साले भूक नई लागत का?”

हलक्या ओझ्याचं महत्त्व पटवायला एका पोराने मेसनरचा दाखला दिला. राइनहोल्ड मेसनर हा गिर्यारोहक १९८० साली एव्हरेस्टवर एकटा चढला. सोबत माणूस नाही, प्राणवायूचं नळकांडं नाही. आप्पांनी सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, “आन जेवला काय तो?” पोराकडे याचं उत्तर नव्हतं. आप्पांनी मात्र विषय सोडला नाही. नातवाला कामाला लावून त्यांनी हिलरी-तेनसिंगच्या १९५३ च्या मोहिमेची माहिती काढवली. त्या मोहिमेचं सामान वाहायला साडेतीनशेच्या वर हमाल होते, हे कळल्यावर त्यांना फार समाधान वाटलं. “साडेतीनशे हमाल! मी तं एकच छोटा हत्ती म्हनतो भो.” पुढे कोणी बोललं नाही.

तेलाच्या डब्याबद्दल मात्र घरातूनच हरकत आली. एवढ्या तेलाचं तिथे काय करणार, असं काकूंनी विचारलं. सातपुड्यात अश्वत्थामा फिरतो आणि कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो, ही गोष्ट आमच्याकडे पोरासोरांना माहीत असते. नंदुरबारकडे अस्तंब्याच्या डोंगरावर त्याची दिवाळीत यात्रा भरते, आणि इकडे बऱ्हाणपूरच्या पलीकडे असीरगडावरही तो येतो असं म्हणतात. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा डोंगर त्याच्या येण्याजाण्याचा, आणि पाल अधेमधे कुठेतरी. आप्पा काकूंना म्हणाले, “तो आला तेल मागाले, तं त्याले काय सांगू? दुकान बंद हाये म्हनून?” डबा गाडीत चढला.

मुक्काम कसा करावा हे आपल्या घराण्याला उपजतच कळतं, असं आप्पांचं मत आहे. त्याला ते फैजपूरचा आधार देतात. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन आमच्या शेजारच्या फैजपूरला भरलं. शेतात बांबूचं अख्खं नगर उभारलं, त्याची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी केली, नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी आले होते. आप्पांचे आजोबा तिथे पंक्तीत वाढायला होते. अधिवेशनात ठराव कोणते झाले हे आप्पांना सांगता येत नाही. वरण कमी पडलं नाही, एवढं ते खात्रीने सांगतात.

पाल रावेरच्या उत्तरेला, डोंगरात. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, म्हणून त्यातल्या त्यात गार असलेल्या पालला आम्ही थंड हवेचं ठिकाण म्हणतो आणि बाहेरच्यांनाही तसंच सांगतो. सुकी नदीचं खोरं, तिच्यावर गारबर्डीजवळचं धरण, आणि भोवती यावल अभयारण्य. हे अभयारण्य १९६९ सालचं, पावणेदोनशे चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही आणि विस्तव पेटवणं हा गुन्हा आहे. म्हणून तंबू ठोकायचे ठरले ते हद्दीबाहेर, आप्पांच्या ओळखीच्या एका पावरा शेतकऱ्याच्या वावरात. छोटा हत्ती त्याच्या खळ्यावर येऊन थांबला. गंज, परात, गाद्या, तक्के आणि खाट उतरताना तो शांतपणे पाहत उभा राहिला. मग त्याने एवढंच विचारलं, की लग्न कोणाकडचं आहे.

तंबूंकडे आप्पांनी फारसं लक्ष दिलं नाही. खोक्यावर ‘दोन माणसांसाठी’ असं छापलेलं होतं. “दोन मान्सं कोन्ती?” असं विचारून त्यांनी आत डोकं घातलं, उरलेले आप्पा बाहेरच राहिले, आणि त्यांनी आपली खाट आंब्याखाली टाकायला सांगितली.

डोंगर चढायला ते येणार नाहीत अशी पोरांची समजूत होती. आप्पा सगळ्यांच्या पुढे निघाले. त्यांची चाल संथ आहे, पण ती थांबत नाही, आणि तिच्यासोबत चालू असलेलं बोलणंही थांबत नाही. पोरं शंभर पावलं धावत चढायची, धापा टाकत बसायची, घड्याळात हृदयाचे ठोके मोजायची. तेवढ्यात आप्पा मागून येऊन कोणाच्या तरी जमिनीच्या वाटणीची हकिकत सांगत पुढे निघून जायचे. अजून किती राहिलं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “हे काय, इथंच.” रावेरच्या माणसाचं ‘इथंच’ दीड फर्लांगापासून बऱ्हाणपूरपर्यंत कुठेही असू शकतं. पोरांच्या फोनमधल्या नकाशाचा आणि आप्पांच्या ‘इथंच’चा शेवटपर्यंत मेळ बसला नाही.

वाटेत झाडं दाखवण्याचं काम त्यांनी आपण होऊन घेतलं. एका पोराकडे पानाचा फोटो काढला की झाडाचं लॅटिन नाव सांगणारं ॲप होतं. आप्पांकडे ते झाड कशाला उपयोगी पडतं याची माहिती होती. हा अंजन, याचा पाला उन्हाळ्यात ढोरांना घालायचा, लाकूड असं की कुऱ्हाडीची धार जाईल. हा धावडा, बाळंतिणीच्या लाडवातला डिंक याचा. ही सालई, हिचा डिंक धुपाला. टेंभुर्णीचं पान विडीला, मोहाचं फूल कशाकशाला, ‘ते तुमाले माहीतच असीन’. आप्पांच्या दृष्टीने सातपुडा हे एक मोठं किराणा दुकान आहे, फक्त मालक गल्ल्यावर नाही. कुठल्याही झाडाला त्यांनी ‘सुंदर’ म्हटलं नाही. एका सागापाशी मात्र थांबून, खोडावर हात ठेवून, ‘याचे चार दरवाजे निंघतीन’ असं म्हणाले. त्यांच्या तोंडून याच्या वरची स्तुती मी कधी ऐकलेली नाही.

माथ्यावर पोचल्यावर पोरांनी दोन्ही हात पसरून फोटो काढले. दक्षिणेला खाली सगळं केळीचं हिरवं, त्याच्या पलीकडे धुरकट तापीकाठ, आणि मधून भुसावळ-खांडव्याचा लोहमार्ग, ज्याच्यावरून आमची केळी वॅगनी भरभरून दिल्लीला गेली. आप्पा बराच वेळ डोळ्यांवर हात धरून पाहत होते. एका पोराला वाटलं, आता आप्पा काहीतरी बोलणार. ते बोललेही: “रेंज हाये का रे इथी?” रेंज होती. खिशातून डायरी निघाली, बऱ्हाणपूरला आणि रावेरला फोन लागले, आणि नवती, पिलबाग, वापसी असे तिन्ही भाव सातपुड्याच्या माथ्यावर उभ्याने उतरवून घेतले गेले. भाव उतरला होता. आप्पांनी परत खाली पाहिलं, पण आता त्या हिरव्याकडे नुसतं पाहता येणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूने आणखी एक टोळी वर आली. आठ-दहा जण, पुण्याचे, सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे टी-शर्ट. आप्पा सरसावले.

“कोठचे तुमी?”

“पुण्याचे.”

“ते झालं हो. मूळचे कोठचे?”

पुढारी होता त्या पोराने अंमळ विचार करून सांगितलं की त्याची आई भालोदकडची. पुढचं मी लिहीत बसत नाही. आमच्याकडे ज्याने ही उलटतपासणी पाहिली आहे त्याला ती पाठ आहे. आईचं माहेरचं आडनाव, मामा काय करतात, मामी कुठली, मामीच्या बहिणीला बामणोदला दिली ती हीच का, तिच्या दिराचं भुसावळला दुकान होतं ते अजून आहे की विकलं. पाचव्या मिनिटाला तो पोरगा आप्पांच्या मावसभावाच्या साडूचा नातू निघाला. सातव्या मिनिटाला निळ्या टी-शर्टवाल्यांना संध्याकाळच्या भरिताचं आमंत्रण गेलं होतं. त्यांनी सोबत आणलेल्या झटपट शेवयांची पाकिटं दाखवली. आप्पांनी ती हातात घेऊन, मागचं-पुढचं वाचून, काही न बोलता परत दिली.

खाली उतरल्यावर मोहिमेची सूत्रं त्यांच्या हातात आली ती सकाळपर्यंत सुटली नाहीत. विस्तवासाठी खळ्यावरची जागा झाडून घेतली, भोवती पाणी मारलं, भरलेल्या दोन बादल्या शेजारी ठेवल्या. रानाच्या कडेला राहणारा शेतकरी आगीच्या बाबतीत थट्टा करत नाही. मग कपाशीच्या आणि तुरीच्या काड्यांचा जाळ, आणि त्यात ती मोठी हिरवट-पांढरी वांगी. वांगं केव्हा उलटायचं हे आप्पा कोणाला सांगत नाहीत. तिथे ते खरोखर गप्प होतात. सालीचा कोळसा झाला की वांगी सोलायची, मिरची-लसणासोबत बडगीत ठेचायची, वर शेंगदाणे, पात आणि तेल. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला, दोघांनाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आप्पांच्या मते सरकारला जाग उशिरा आली, पण आली हे महत्त्वाचं. कळण्याच्या भाकरी खळ्याच्या मालकिणीने आणि तिच्या सुनेने थापल्या. ज्वारी आणि उडीद यांचं प्रमाण काय असावं यावर तिचं आणि आप्पांचं थोडं वाजलं, आणि त्यात आप्पा हरले. केळीच्या पानांवर पंगत बसली. पंधरा माणसांचा अंदाज होता, जेवली सव्वीस. कॅम्पवर आप्पांचा चेहरा खऱ्या अर्थाने खुलला तो या क्षणी.

रात्री शेकोटीभोवती रानाच्या गोष्टी निघाल्या. सातपुड्यात अस्वल आहे, बिबट्या आहे; पलीकडे मुक्ताईनगरच्या डोलारखेड्याच्या रानात वाघ आहे. थंडी वाढली तसा आवाज खाली गेला. एका पोराने विचारलं, “आप्पा, वासाने अस्वल आलं तर?” आप्पांनी गंजाचं झाकण उचलून आत पाहिलं. “एकटंच येईन नं? मंग पुरीन.”

आमच्या मुक्कामी फोनला रेंज एकाच ठिकाणी होती: बांधाच्या टोकाला, ओहोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या सागापाशी. आप्पांनी आपला फोन पिशवीत घालून त्या सागाच्या फांदीला टांगला होता. रात्री दोनच्या सुमाराला तो वाजू लागला. तंबूंमध्ये सगळे जागे झाले. डोक्याला विजेऱ्या होत्या, पायांत चारचार हजारांचे बूट होते, आणि एकही चेन उघडली नाही. बाहेर मात्र खाट करकरली. आप्पा उठले, रुमाल डोक्याला गुंडाळला, चपला पायांनीच शोधल्या आणि विजेरी न घेता, अंधारात, पाचोळा तुडवत त्या सागापर्यंत गेले. परत येताना प्रत्येक तंबूपाशी थांबून सांगत आले, “लाइट आली. मोटार लावली. झोपा.”

शेताला थ्री-फेज वीज पाळीपाळीने येते, आणि पाळी रात्रीची असली की केळीला पाणी रात्रीच द्यावं लागतं. आता मोटारीला बसवलेलं यंत्र वीज आली की फोन करतं आणि एक आकडा दाबला की मोटार सुरू होते. पण ही सोय अलीकडची. त्याआधी तीस वर्षं आप्पा अशा रात्री उठून बागेत जात आले, आणि पाणी फुटलं, नळी निघाली, की आजही जातात. केळीच्या दाट बागेत हातभर पुढचं दिसत नाही, पायाखाली साप असतात, आणि हल्ली बिबट्याही त्याच सावलीला मुक्कामाला येतो. ज्या अंधाराला पोरांनी सुटी टाकून, पैसे भरून, शेकडो मैलांवरून गाठलं होतं, तो आप्पांच्या नोकरीचाच भाग आहे.

आणि गाद्या-तक्क्यांचा उलगडा इथेच होतो. ज्याचं सगळं आयुष्य भिंतीच्या आत जातं तो सुटीत उघड्यावर निजायला निघतो. ज्याच्या अर्ध्या रात्री उघड्यावर गेल्या त्याला सुटीत गादी लागते, तक्क्याला टेकून बोलायला माणसं लागतात, आणि गरम जेवण लागतं, कारण बागेतल्या रात्री ते मिळालेलं नसतं. आप्पा डोंगरावर घर नेतात याला आम्ही हौस म्हणत होतो. ते त्यांच्या कामाचं उट्टं आहे.

सकाळी चारला ते उठले, चहा टाकला, भांडी मोजली. उष्टी पानं खळ्यावरच्या गाईंपुढे गेली. पोरांनी इकडेतिकडे टाकलेले सुकामेव्याच्या वड्यांचे चकचकीत कागद त्यांनी पोरांकडूनच वेचून घेतले. अश्वत्थामा काही आला नाही; उरलेला तेलाचा डबा आप्पांनी खळ्याच्या मालकिणीकडे दिला आणि तो आला तर तिनेच द्यावं असं सांगितलं. ती हसली. तेल त्याच दिवशी कामाला लागलं असावं.

गावात आल्यावर पोरांनी किती मीटर चढलो, किती पावलं झाली, हे सांगितलं. आप्पांनी डोंगराचं नावही काढलं नाही. पारावर त्यांनी सांगितलं ते एवढंच, की पंधराचा अंदाज होता, सव्वीस जेवले, आणि भरीत पुरून उरलं. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या, कारण यातला कठीण भाग कोणता हे त्यांना ठाऊक होतं. डोंगर जागेवर असतो, आज ना उद्या कोणीही चढतो. वर भेटलेल्या अनोळखी दहा जणांना न विचारता पानावर बसवायचं आणि पुरवायचं, याला जिगर लागते.

तेव्हा वाचकहो, पालला जायचं तर हिवाळ्यात जा. अभयारण्यात शिरण्याआधी वनखात्याची परवानगी घ्या, आत काडीही पेटवू नका, कागद परत आणा. सॅक आठ किलोची असो की अठरा, तुमची मर्जी. पण तुमच्या गावातला आप्पा, नाना, बापू जो कोणी असेल त्याच्यापासून बेत लपवून ठेवू नका. एक तर तो लपत नाही. आणि लपलाच, तर वड्या चघळत झोपावं लागतं.